आतलं कार्ड, बाहेरचं डोंगल

१२ डिसेंबर, गुरुवार

भांड्यांची कंपनी दरवर्षी डायऱ्या पाठवते आणि मी त्या गिऱ्हाइकांना वाटून टाकतो. यंदाची एक उरली होती. वर्ष सरत आलं तरी कोरीच. आज रागाच्या भरात उघडली, कारण राग ऐकायला घरात दुसरं कोणी नाही.

राग लॅपटॉपचा. हा पल्लवीचा जुना. दीड वर्षापूर्वी डॉक्टरकीच्या क्लाससाठी ती लातूरला गेली तेव्हा तिला नवा घेतला आणि हा माझ्याकडे राहिला. पोरीला घरचं जेवण मिळावं म्हणून विजयश्रीही तिच्याबरोबर गेली. आमच्या हुलसूरकडं हे नवीन नाही. आई आणि पोर लातूरच्या एका खोलीत, आणि बाप इकडं दुकानात, असा संसार गल्लीगल्लीत आहे. क्लासच्या सरांनी पहिल्याच पालकसभेत बजावलं होतं, बापांनी उठसूट येऊ नये, पोरांचं लक्ष उडतं. मी तर त्याहून पुढं गेलो. जूनमध्ये गाणगापूरला जाऊन दत्तापुढं बोललो की मेमधली परीक्षा होईपर्यंत मी लातूरला पाऊल ठेवणार नाही आणि चहात साखर घेणार नाही. साखरेचं जमलंय.

तर रोज साडेसातला दुकान बंद करून मी मागं स्वयंपाकघरात ताट वाढून घेतो आणि लॅपटॉप समोर ठेवतो. तिकडं त्या दोघी जेवतात, इकडं मी. फोनवर पोरीचं तोंड पापडीएवढं दिसतं, म्हणून लॅपटॉप. आणि नेमकी तीच वेळ साधून हे यंत्र दगा देतं.

आज मी विचारलं, "रविवारच्या टेस्टचे मार्क आले का गं?"

"अप्पा, तुमचा आवाज तुटायलाय," पल्लवी म्हणाली, आणि तिचं चित्र थांबलं. हातात भाकरीचा तुकडा, तोंडापर्यंत पोचलेला नाही. मग सगळंच गेलं. थोड्या वेळानं विजयश्रीचा मेसेज, नेट गेलं, जेवून घ्या.

जेवून घेतलं. दोडक्याची भाजी होती. कशी झाली होती हे सांगायलाही कोणी लागतं.

१४ डिसेंबर, शनिवार

बसस्टँडजवळच्या ईरण्णाकडं लॅपटॉप घेऊन गेलो. मोबाइल, कॉम्प्युटर, घड्याळाचे सेल, जे म्हणाल ते त्याच्याकडं. त्यानं लॅपटॉप उघडून बटणं दाबली आणि डॉक्टरासारखा चेहरा केला.

"अण्णा, नेटचा डबा चांगला हाय तुमचा. ह्याच्या आतलं वायफायचं कार्ड वीक झालंय. डबा दुकानात, तुमी मागल्या घरात, मदी भिंत. ह्याला पकडाय येईना."

"मग?"

"दोन रस्ते. एक तर आतलं कार्डच बदलायचं. खोलावं लागतंय, ह्या मॉडेलला बसणारं कार्ड गुलबर्ग्याहून मागवावं लागतंय. न्हाई तर बाहेरनं डोंगल लावायचं. कडेला खुपसलं की झालं काम. न्हाई तर असं करा, दुकानातच बसून बोला."

दुकानात गिऱ्हाइकांच्या पाटावर ताट घेऊन बसू का, असं मी विचारल्यावर त्यानं तो तिसरा रस्ता सोडून दिला.

आता माझं मत विचाराल तर भांड्यांच्या धंद्यात तीस वर्षं गेली आहेत. पातेल्याला बाहेरून रिबीट मारलेला कान कधी ना कधी हलतोच. आतूनच जे घडलेलं असतं ते टिकतं. तेव्हा आतलंच कार्ड, असं मी बोलून बसलो. ईरण्णानं लॅपटॉप पालथा केला. तळाला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, वहीवर लावतात तसली. त्यावर पल्लवीच्या अक्षरात: पल्लवी, दहावी ब. एक स्क्रू बरोबर त्या चिठ्ठीखाली. ईरण्णानं चिठ्ठीला नख लावलं आणि मी लॅपटॉप त्याच्या हातातून ओढून घेतला.

"डोंगलच दे," मी म्हणालो.

तेही त्याच्याकडं नव्हतं. मागवतो म्हणाला.

१५ डिसेंबर, रविवार

आज टेस्टचा दिवस, म्हणून मुद्दाम लवकर कॉल लावला. "कसा गेला पेपर?" एवढंच विचारलं. पल्लवी थांबली. म्हणजे चित्र थांबलं. पण नवल असं की आवाज चालू होता. त्यांच्या कुकरची शिट्टी मला स्पष्ट ऐकू आली, मग दुसरी. "आता बंद कर गं गॅस," असं विजयश्री म्हणालेलंही ऐकू आलं. आणि पोरगी मात्र फोटोसारखी.

चित्र थांबतं आणि आवाज चालतो, हे कसलं शास्त्र? या लॅपटॉपचं आतलं कार्ड पुरतं कामातून गेलंय.

१९ डिसेंबर, गुरुवार

डोंगल आलं. दोन प्रकार होते. एक नखाएवढं, लावलं की दिसतसुद्धा नाही. दुसऱ्याला वर बोटभर दांडी, ईरण्णा त्याला शेंडीवालं म्हणतो. शेंडीवाल्याची पोच जास्त, म्हणून ते घेतलं. मी त्याला कुकरच्या शिट्टीची गोष्ट सांगितली, असं होतं का म्हणून विचारलं. "होतंय की अण्णा. नेट हाय, काय बी होतंय," म्हणाला.

संध्याकाळी लावलं आणि काय सांगू, चित्र खरोखर सुधारलं. त्यांच्या खोलीची भिंत दिसली, भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. मागं फळीवर पल्लवीचा डबा दिसला. मार्क विचारायचे होते, पण विजयश्रीनं सुरुवातीलाच सांगितलं, "आज काई विचारू नका, डोकं चढलंय तिचं." मग आम्ही नागूबाईच्या म्हशीबद्दल बोललो. नागूबाई म्हणजे रोज सकाळी माझ्या दोन्ही वेळच्या भाकरी थापून जाते ती. तिची म्हैस व्याली, रेडकू झालं. पल्लवी हसली. बऱ्याच दिवसांनी हसताना दिसली.

डोंगलचा उपयोग झाला.

२१ डिसेंबर, शनिवार

माझ्या हातांना काय म्हणावं कळत नाही.

आज विजयश्री आत भाकरी करत होती आणि पल्लवी एकटीच समोर होती. तिनं आधी मागं वळून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, तुमाला एक सांगायचंय. रागवू नका."

"मी कामून रागवू? बोल की."

मी नीट ऐकावं म्हणून पुढं सरकलो. ताट सरकलं, ताटानं तांब्या ढकलला आणि तांब्या थेट डोंगलच्या शेंडीवर. निळा दिवा विझला, पोरगी गेली. काढून लावलं, फुंकून लावलं, लॅपटॉप बंद करून परत चालू केला. लागेपर्यंत भात गार झाला. समोर विजयश्री.

"झोपली ती. डोकं दुखायलंय म्हनली."

"काय सांगायचं होतं तिला?"

"काई न्हाई. तुमी जेवा."

"मार्कांचंच असंल. कमी पडले असतील तर सांग म्हणावं, पुढल्या टेस्टला भरून निघतात."

विजयश्री माझ्याकडं बघत राहिली. तिचंही चित्र अडकलं की काय असं मला वाटलं, पण तिनं पदर सारखा केला. "ठेवते," म्हणाली.

रिबीट मारलेला कान हलतोच. आधीच बोललो होतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

लग्नसराईचं गिऱ्हाईक आहे. आज दिवसभर भांड्यांवर नावं घातली. यंत्र हातात थरथरतं आणि स्टीलवर अक्षर उमटत जातं. आता पुष्कळ दुकानदार नोकराकडून नाव घालून घेतात, पण मी ते स्वतः करतो. गिऱ्हाईक सांगतं, "वधू-वरांस सप्रेम भेट, मामा-मामींकडून," आणि मी मामा-मामींना सरळ रेषेत बसवतो. एकदा घातलेलं नाव जात नाही. घासून घासून भांडं जातं, नाव राहतं. मला या कामातलं हेच आवडतं.

नावावरून आठवलं. पल्लवी लातूरला निघाली तेव्हा मी तिला तीन खणांचा डबा दिला होता आणि त्यावर घातलं होतं: डॉ. पल्लवी. नुकती कुठं दहावी झाली होती. विजयश्री म्हणाली होती, "आधीच कशाला?" मी म्हणालो, रोज डोळ्यांपुढं राहील, हुरूप येईल. नातेवाइकांनी वाहवा केली. गल्लीतल्या दोन बापांनी आपल्या पोरांसाठी तसेच डबे करून नेले.

मागच्या गुरुवारी तोच डबा फळीवर दिसला. नाव भिंतीकडं होतं. कालही बघितलं, भिंतीकडंच. ठेवताना लक्ष राहत नसेल. आज तिला सांगितलं, "डबा सरळ ठेवत जा की, नाव दिसू दे." तेवढ्यात नेट गेलं.

डोंगलही फसवंच निघालं.

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात. सकाळी डोक्यावर टोपल्या घेऊन बाया निघाल्या, ट्रॅक्टर भरून पोरं निघाली, आणि दहाच्या सुमाराला बाजारपेठेत कुत्रं दिसेना. दुकान उघडून उपयोग नव्हता, तरी मी उघडलं. बंद दुकानापेक्षा रिकामं दुकान बरं. निदान भांड्यांत आपलं तोंड तरी दिसतं.

नागूबाई मुद्दाम बोलवायला आली. "चल की शेतात. भज्जी हाय, आंबील हाय, उंडे केल्यात. हितं भांड्यासंगं काय बोलायलास?"

गेलो. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडले होते. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. जेवायला बसलो तर चारी बाजूंना लोकांची लेकरं. पुण्याहून आलेली, हैदराबादहून आलेली. येळवशीला माणूस कुठूनही येतो. लातूरलाही आज सुट्टीच. पल्लवीच्या क्लासनं मात्र जादा तास ठेवलाय, असं विजयश्रीनं कळवलं होतं.

नागूबाईनं शेंगा-पालेभाज्यांची ती घट्ट भज्जी वाढता वाढता विचारलं, "तू कामून जात न्हाईस लातूरला? लंडनला हाय व्हय ते?"

"नवस बोललोय."

"काय म्हून?"

"परीक्षा होईस्तोर तिथं पाऊल ठेवणार न्हाई म्हणून."

ती हसली. हातातली पळी तशीच धरून म्हणाली, "गाणगापूरचा दत्त दुपारच्याला सोता दारोदार फिरतोय भिक्षेला. एका जागी बसत न्हाई तो. आन् तू त्याला सांगून आलास, मी घरात बसतो म्हून! त्याला काय गोड वाटंल रे ते?"

बाया हसल्या. मीही हसलो. पण येताना एकटाच बांधावरून आलो तेव्हा ती गोष्ट डोक्यातून जाईना. नागूबाईला क्लास काय, डॉक्टरकीची नीट परीक्षा काय, त्यातलं काही ठाऊक नाही. बोलायला काय जातंय.

संध्याकाळी कॉल लागला नाही. मी भज्जी डब्यात आणली होती, त्यांना दाखवायला. दाखवून काय होणार होतं, देव जाणे.

३ जानेवारी, शुक्रवार

नव्या वर्षाची डायरी आली. हिच्यातही लिहायची सवय लागली आहे.

निकाल लावून टाकला. डोंगल काढलं, लॅपटॉप ईरण्णाला दिला, आतलं कार्ड घाल म्हणालो. चिठ्ठी मी स्वतःच्या हातानं काढली. वाफेवर धरून, हळूहळू, भांड्यावरचं कागदाचं लेबल काढतात तशी. एक कोपरा तरी फाटलाच. डायरीत ठेवली आहे. पल्लवी, दहावी ब. ह्या अक्षराचा "ल्ल" ती कसा काढायची, दोन्ही ल एकमेकांना टेकवून.

विजयश्रीला फोन करून सांगितलं की काही दिवस लॅपटॉप नाही. ती म्हणाली, "बरं झालं."

"बरं कामून?"

"न्हाई, म्हंजे तिला जरा निवांत मिळंल."

निवांत! मी काय ढोल वाजवतो रोज तिथं?

६ जानेवारी, सोमवार

कार्ड अजून आलेलं नाही. फोनवर बोलणं होतं, पण ते बोलणं नव्हेच. जेवला का, जेवलो. थंडी आहे का, आहे. पल्लवीला दे, ती वाचायलीय.

ताट घेऊन बसतो ती जागा बदलली नाही. समोर लॅपटॉपची चौकोनी जागा धुळीत उठून दिसते. आज ती पुसली. मग दोनच घास खाल्ले आणि ताट झाकून ठेवलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. कसली ते नेमकं सांगता येत नाही. पातेल्याला टिचकी मारली की चिरलेलं भांडं मला आवाजावरून कळतं. विजयश्रीचा फोनवरचा आवाज तसा येतो. पण फोनवर सगळेच आवाज तसे येत असतील.

९ जानेवारी, गुरुवार

दुपारी लॅपटॉप आला. चिठ्ठी परत जागेवर लावली, जरा वाकडी बसली. ईरण्णा म्हणाला, "आता भिंत काय, डोंगर असला तरी पकडतंय." 

साडेसातला कॉल लावला. पहिल्या रिंगला लागला, आणि इतकं स्वच्छ चित्र मी आजवर बघितलं नव्हतं. पल्लवीच्या गळ्याखालची हाडं दिसली. डोळ्यांखालचं काळं दिसलं. इतके दिवस वाईट नेटमुळं ती गोबरी दिसत होती.

विजयश्रीनं तिच्यापुढं भाताचं ताट ठेवलं. मी आधी ईरण्णाच्या गमती सांगितल्या. मग विचारलं. विचारायला नको होतं हे आता लिहितोय. तेव्हा विचारलं.

"गेल्या दोन टेस्टचे मार्क सांगितले न्हाईस तू."

ती थांबली. घास हातात, तोंड अर्धं उघडं, नजर खाली. अडकलं. माझा हात सवयीनं लॅपटॉपच्या कडेला गेला, डोंगल चाचपायला. डोंगल नव्हतंच.

आणि तिच्या ताटातल्या भातावरून वाफ निघत होती.

मी बघत राहिलो. वाफ वर जात होती, पोरीच्या हनुवटीपाशी वळत होती, विरत होती. पोरगी थांबलेली आणि वाफ चाललेली. मग तिच्या डोळ्यातून पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं. तिनं ते पुसलं नाही. पुसलं असतं तर हात हलला असता.

मीही जसा होतो तसाच बसून राहिलो.

बाजूनं विजयश्रीचा आवाज आला, अगदी हळू. "गेलं का नेट?"

पल्लवीनं पापण्या वर करून माझ्याकडं बघितलं. मी हललो नाही.

"त्यांचंच अडकलंय आज," ती म्हणाली.

"मग जेव आता. दोन घास खा, बाई."

तिनं बाहीनं तोंड पुसलं. भात इकडून तिकडं केला. विजयश्रीनं एक घास करून तिच्या तोंडाजवळ नेला, लहानपणी चिऊकाऊचा द्यायची तसा, आणि तिनं तो घेतला. मी बघत होतो. दीड वर्षात एवढा वेळ मी माझ्या पोरीला बघितलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी मार्कच बघत होतो.

जेवण टाकून ती उठली, बंद करायला जवळ आली. तिचं तोंड सगळ्या पडद्यावर. माझ्याकडं बघत म्हणाली, "आई, अप्पा अडकले की किती चांगले दिसतेत गं. न्हाई?"

आणि बंद केलं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच. मी डोंगल बदलत होतो, कार्ड बदलत होतो, स्क्रू काढत होतो. त्या शिट्ट्या खऱ्या होत्या. नेट कधी गेलंच नव्हतं. गेलं ते एकदाच, तांब्या पडला तेव्हा, आणि ती एकदाच मला काहीतरी सांगायला आली होती.

ताट तसंच आहे. मी रडलो. लिहायला लाज कसली.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी नागूबाईला सांगितलं, आज भाकरी थापू नकोस. "कुठं निघालास?" म्हणाली. लातूरला म्हटल्यावर तिनं काही न विचारता कालच्या दह्याचं गाडगं आणून पिशवीत घातलं.

दुकानात गेलो. एक नवा डबा काढला, तीन खणांचाच. यंत्र लावलं. नाव घालताना आजवर मी मधेच कधी थांबलो नव्हतो, आज दोनदा थांबावं लागलं. डायरीही पिशवीत टाकली. निलंग्याच्या गाडीत बसलोय. खिडकीबाहेर हरभरा आहे. पोरीला काय काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवतोय, गाडी खड्ड्यात गेली की ती परत विस्कटतात.

नवस मोडला. दत्ताला जे म्हणायचं ते त्यानं मला म्हणावं. पोरीला नको.

११ जानेवारी, शनिवार. लातूर

काल काही लिहिणं झालं नाही.

दार पल्लवीनंच उघडलं. खरं तर ती वेळ तिच्या क्लासची. उंबऱ्यात ती जागच्या जागी थांबली, घास हातात नव्हता एवढाच फरक.

"नेट गेलं काय गं?" मी म्हणालो.

तिच्या लक्षात आलं. माझ्या तोंडाकडं बघूनच आलं. "अप्पा, तुमी काल..." एवढंच म्हणाली आणि तोंडावर हात घेतला. विजयश्री आतून आली. भिंतीला टेकली. माझ्या हातातली पिशवी घ्यायचंही तिला सुचलं नाही.

मी आत जाऊन चटईवर बसलो. लॅपटॉपवर दिसायची ती भिंत, ते कॅलेंडर. खोली केवढीशी आहे. चित्रात मोठी दिसायची.

पल्लवी बोलली, पायाच्या अंगठ्याकडं बघत. "दिवाळीपासनं मला मागल्या बॅचला टाकलंय. मार्क लई कमी यायलेत. डिसेंबरपासनं मी जायनाच झाले, अप्पा. सकाळी निघते आन् बागेत जाऊन बसते. पुस्तक उघडलं की छातीत धडधडायलंय. आईला म्हाईत हाय. मीच म्हनले सांगू नको म्हून. तुमी साखर सोडलाव माज्यासाठी."

गाडीत जुळवलेली वाक्यं गाडीतच राहिली.

"न्हाई जमलं तर न्हाई," मी म्हणालो. "तुला कोण काय म्हनायलंय? आधी जेव."

"तुमी म्हनला न्हाईत कधी. पर डब्याला बघितलं की मला वाटतंय तुमी म्हनायलाव."

फळीवर तो डबा होता, नाव भिंतीकडं. मी पिशवीतून नवा काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं उचलला. नावावरून बोट फिरवलं. पल्लवी, एवढंच. दोन्ही ल एकमेकांना टेकवून घातलेत, तिच्या चिठ्ठीवर आहेत तसे. तिनं डबा उजेडाला धरला, नावाच्या अलीकडची कोरी जागा निरखून बघितली.

"म्होरं जागा सोडलाव काय अप्पा? नंतर घालायला?"

"न्हाई सोडली. नाव मधोमध घातलंय. बघ मोजून."

तिनं खरंच बोटांनी मोजलं. या बाजूनं, मग त्या बाजूनं. मग डबा पोटाशी धरून ती जी रडायला लागली ती थांबेचना, आणि विजयश्री तिला जवळ घ्यायला गेली तर तीही. मी दोघींच्या मधे दह्याचं गाडगं धरून उभा.

१४ जानेवारी, मंगळवार. हुलसूर

संक्रांत. दोघींना घेऊन आलो. क्लासच्या सरांना काय सांगायचं, पल्लवी पुढं काय करणार, परत जाणार की नाही, यातलं काहीच ठरलेलं नाही. गल्लीतल्या एका बापानं विचारलंच, "सुट्टी दिलीय व्हय क्लासनं?" मी म्हणालो, आम्ही घेतलीय. रात्री झोपेत ती दोनदा दचकली. ते काही एका दिवसात जाणार नाही, एवढं मलाही कळतं.

विजयश्रीशी अजून नीट बोलणं झालेलं नाही. तिनं माझ्यापासून लपवलं याचा राग मी शोधून बघितला, सापडला नाही. दीड वर्ष ती कोणाजवळ बोलली असेल, हे मात्र मनात येत राहतं. सकाळी तिनं माझ्या चहात न विचारता साखर घातली. मी प्यालो.

लॅपटॉप कोनाड्यात ठेवलाय. ईरण्णा रस्त्यात भेटला, म्हणाला, "अण्णा, कार्ड कसं चाललंय?" एक नंबर, म्हणालो.

दुपारी तिघं ताटांवर बसलो. विजयश्रीनं शेंगापोळ्या केल्या होत्या. पल्लवीनं एक खाल्ली, कशीबशी. मी विचारलं, "अजून एक वाढू का गं?"

तिनं हात हवेत धरला, तोंड अर्धं उघडं ठेवलं आणि डोळाही न हलवता माझ्याकडं बघत बसली.

मी तिच्या ताटात पोळी वाढली, वर तूप घातलं, आणि ती हलेपर्यंत थांबलो.